उजेड बरोबर, फोटो चूक

आतषबाजीच्या फोटोत बाणाची रेष किती उजळ उमटायची हे शटर ठरवत नाही, अपर्चर ठरवतं. ही एवढीशी गोष्ट कळायला मला सिद्धेश्वराच्या कितीतरी यात्रा खर्ची घालाव्या लागल्या. तोवर दरवर्षी मी एकच चूक नव्या नव्या आकड्यांनी करत होतो.

सोलापुरात जानेवारीचा मधला आठवडा गड्ड्याचा, म्हणजे ह्या यात्रेचा. भोगीला नंदीध्वजांच्या उंच काठ्या अडुसष्ट लिंगांच्या भेटीला निघतात, संक्रांतीला संमती कट्ट्यापाशी अक्षता पडतात, किंक्रांतीच्या रात्री होम आणि त्याच्या दुसऱ्या रात्री शोभेचं दारूकाम. पहिल्यांदा ट्रायपॉड घेऊन दारूकामाला गेलो तेव्हा माझा हिशेब सरळ होता. रात्र आहे, उजेड कमी, तेव्हा अपर्चर उघडेल तेवढं उघडायचं आणि शटर लांबवायचं. एफ २.८ ठेवलं, शटर चार सेकंद. रोल धुऊन आला तर आकाशात पांढरे गोळे. डोळ्यांनी लाल-हिरवी पाहिलेली फुलं फोटोत सगळी एकाच रंगाची, जळून गेलेली.

उजेड जास्त झाला, एवढंच मी त्यातून शिकलो. पुढच्या वर्षी शटर एक सेकंदावर आणलं, मग अर्ध्यावर, मग १/८ वर. फुलं आखूड झाली, पाकळ्या अर्ध्यावर तुटल्या, शेवटी नुसते ठिपके उरले. पण ते ठिपके पांढरेच. शटर इतकं कमी केलं तरी रंग का येत नाही हे मला उमगेना, आणि मी दोष फिल्मला देत राहिलो, नंतर धुलाईला देत राहिलो.

खरं कारण असं आहे. जळणारा कण आकाशात सतत पुढे सरकत असतो. फिल्मच्या किंवा सेन्सरच्या एका ठिपक्यावर त्याचा उजेड क्षणभर पडतो आणि लगेच शेजारच्या ठिपक्यावर जातो. शटर चार सेकंद उघडं असो की दहा सेकंद, त्या एका ठिपक्याच्या वाट्याला येणारा उजेड तेवढाच राहतो. शटर लांबवलं की रेष लांबते, उजळत नाही. तिचा उजळपणा कमी करायचा तर तो क्षणभराचा उजेडच बारीक छिद्रातून आत घ्यायला हवा. आयएसओ १०० आणि अपर्चर एफ ११ वर नेलं आणि शटर पुन्हा चार-पाच सेकंदांवर ठेवलं, तेव्हा लाल लाल आलं, हिरवं हिरवं आलं, आणि फुलाची पाकळी देठापासून टोकापर्यंत पुरी उमटली.

त्याच चौकटीत खाली भुईकोट किल्ल्याची तटबंदी होती. ती हलत नाही. तिच्यावरचा मंद उजेड त्याच त्या ठिपक्यांवर साचत राहतो, म्हणून शटर जितका वेळ उघडं तितकी तटबंदी उजळते. म्हणजे एकाच फोटोत बाण अपर्चरच्या ताब्यात आणि तटबंदीवर शटरचाही हक्क. हे कळलं तेव्हा मला मी काढलेल्या लग्नांच्या फोटोंचंही कोडं सुटलं. फ्लॅशचा झोत डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतो. शटर १/६० असो की १/२००, तो पुरता आत येतो. त्यामुळे फ्लॅशने उजळलेली नवरी अपर्चरच्या हाती असते आणि मागच्या मंडपातली रोषणाई शटरच्याही. मी वर्षानुवर्षं शटर १/२०० वर ठेवून लग्नं काढली. नवरा-नवरी लख्ख आणि मागे काळोख, जणू लग्न रानात लागलं. मंडपवाल्याने रात्रभर खपून लावलेल्या माळा, आजीची मागे बसलेली बहीण, पंगतीतली माणसं, सगळं त्या काळोखात गेलं. शटर १/३० वर आणलं असतं तर ते सगळं आलं असतं. कुणी तक्रार केली नाही, कारण नवरीचा चेहरा छान आला होता. ज्यांचे फोटो आता पुन्हा काढता येणार नाहीत, त्यांची आठवण झाली की मला त्याचं वाईट वाटतं.

या सगळ्या चुकांचं मूळ एका तक्त्यात आहे असं मला वाटतं. ज्या स्टुडिओत मी उमेदवारी केली तिथे भिंतीवर हाताने लिहिलेला एक तक्ता होता. एफ २.८ ला १/१०००, एफ ४ ला १/५००, एफ ५.६ ला १/२५०, एफ ८ ला १/१२५, एफ ११ ला १/६०, एफ १६ ला १/३०. ह्यातली कुठलीही जोडी घ्या, उजेड सारखाच येतो. अपर्चरचा आकडा म्हणजे भिंगाची फोकल लांबी भागिले छिद्राचा व्यास. म्हणून आकडा वाढला की छिद्र लहान होतं. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ २ म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र आणि एफ १६ म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटरचं. दर पायरीला छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं होतं आणि शटर दुप्पट वेळ उघडं ठेवून ती भरपाई करता येते. तक्ता अगदी बरोबर होता. मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. सगळ्या जोड्या सारख्या, म्हणजे कोणतीही चालेल, असं मी धरून चाललो. उजेड बरोबर आला की फोटो बरोबर आला, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं की पुढे डिजिटल कॅमेरा हाती आल्यावरही मागच्या पडद्यावर मी फक्त उजेडच तपासत असे.

त्या तक्त्यातली पहिली जोडी आणि शेवटची जोडी यांत केवढा फरक आहे हे मला अक्षता सोहळ्याने शिकवलं. तेही एका वर्षात नाही.

अक्षता सोहळा हा सोलापूरचा जीव आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट कुंभारकन्येने धरला आणि त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावून दिला, अशी कथा. तो विवाह दरवर्षी लागतो. सात नंदीध्वज उभे असतात, समोर पांढऱ्या बाराबंदीतला जनसागर, आणि संमती वाचनातल्या ठरलेल्या शब्दांवर हजारो हात एकदम वर जाऊन तांदूळ उधळतात. ऊन टळटळीत असतं. नुकतंच मोठ्या छिद्राचं, एफ १.८ चं भिंग घेतलं होतं आणि मागचं सगळं विरघळवून टाकण्याच्या नादात मी होतो. एफ १.८ वर एका म्हाताऱ्याचा चेहरा धरला. हात जोडलेले, डोळे मिटलेले. शटर कॅमेऱ्याने आपोआप अगदी वर नेलं. फोटो सुरेख आला आणि तो मी अभिमानाने चौकट करून टांगला.

घरी आलेल्या एका पाहुण्याने विचारलं, "हे कुठलं देऊळ?" मी म्हटलं, गड्डा आहे हा. तो जवळ जाऊन बघत राहिला. मागे नंदीध्वज होते, पण फोटोत त्यांच्या जागी फिकट पट्टे होते. गर्दी म्हणजे पांढरट धुकं. हात वर गेलेले दिसत नव्हते. त्या म्हाताऱ्याला मी यात्रेतून उचलून बाहेर काढलं होतं. जिथे लाखभर माणसांमध्ये उभं असणं हाच त्या माणसाचा आनंद होता, तिथे मी त्याला एकटा करून ठेवला. अपर्चर उघडं ठेवण्याला नकार नाही माझा. घरच्या ओसरीवर आजीचा चेहरा टिपायचा तर एफ १.८ सारखं सुख नाही. पण समोर काय आहे हे न विचारता मी भिंगाची ऐट दाखवत होतो.

आणि अक्षता? त्या तर फोटोत नव्हत्याच. नंतरच्या वर्षी त्याच टिपायच्या असं ठरवून गेलो. शटर १/२०००. तांदळाचा दाणा न् दाणा हवेत थांबलेला, मोजता येईल असा. छापून पाहिलं तर फोटोवर धुळीचे कण पडलेत की काय असं वाटावं. दाणे कुठून आले, कुठे चालले, कुणाच्या हातून सुटले, काही कळत नव्हतं. मग चिडून उलट टोक गाठलं, १/६०. आता दाण्यांच्या लांब रेघा झाल्या, पाऊस पडत असल्यासारख्या, आणि उधळणारे हातही पुसले गेले. मुठीतून सुटलेला तांदूळ सेकंदाला पाच मीटर वेगाने जातो असं धरलं, तर १/६० मध्ये तो आठ सेंटिमीटर सरकतो, १/२५० मध्ये दोन सेंटिमीटर, आणि १/२००० मध्ये अडीच मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीहूनही कमी. दोन सेंटिमीटरची रेघ डोळ्याला दाणाही दाखवते आणि दिशाही. १/२५० ला आयएसओ १०० वर त्या उन्हात अपर्चर एफ ११ पर्यंत बंद करता येतं, आणि एफ ११ वर पुढचे हातही आले, मागचे नंदीध्वजही आले. आकडे एकमेकांना असे सांभाळून घेतात हे त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आधी दाण्याची रेघ ठरवली, अपर्चर तिच्या मागून आलं. तोवर मी नेहमी उलट्या बाजूने निघत होतो.

अपर्चर बंद करण्याचीही हाव सुटते, तीही मला सुटली. काही दिवस सगळं एफ २२ वर काढलं. सिद्धेश्वर तळ्यात पडलेलं देवळाचं प्रतिबिंब एफ २२ वर काढून मोठं छापलं तर ते एफ ८ पेक्षा मऊ. छिद्र फार बारीक झालं की उजेड त्याच्या कडांवरून वाकून पसरतो आणि बारकावे पुसट होतात. लग्नातल्या समूह फोटोत मात्र मी नेमका उलटा चुकलो. तीन रांगा, मंडपात उजेड बेताचा, म्हणून एफ २.८. पुढे बसलेली पोरंटोरं आणि मधले नवरा-नवरी स्वच्छ, मागच्या रांगेतले मामा, काका सगळे धूसर. मागे उभी राहतात ती घरातली कर्ती माणसं, त्यांच्यासाठीच तो फोटो काढायचा असतो. एफ ८ आणि थोडा जास्त आयएसओ, इतकं साधं होतं ते.

आता रिंगणाचं सांगतो. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पंढरपूरला पोचण्याआधीचं शेवटचं गोल रिंगण वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी होतं. आपल्याच जिल्ह्यातला सोहळा, म्हणून कॅमेरा हाती आल्यापासून जात आलो. पताकावाला स्वार पुढे, मागून माउलींचा मोकळा अश्व. तो अश्व समोरून जातो ते काही क्षणच, पण त्या क्षणांसाठी माणसं उन्हापावसात ताटकळलेली असतात आणि तो गेल्यावर टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात.

मी अपर्चर प्रायॉरिटीवर होतो, म्हणजे एफ ५.६ मी ठरवलेलं आणि शटर कॅमेऱ्यावर सोडलेलं. सकाळच्या उन्हात १/१००० दिसत होतं, म्हणून निर्धास्त. आषाढातलं आभाळ ते, ढग आला. कॅमेऱ्याने उजेड सांभाळायला गुपचूप शटर १/१२५ वर आणलं. कोपऱ्यातला आकडा मी पाहिलाच नाही, माझं लक्ष धुळीकडे. घोड्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटर धरला तर तो सेकंदाला अकरा मीटर जातो. १/१२५ मध्ये जवळजवळ नऊ सेंटिमीटर. उजेड प्रत्येक फोटोत अगदी बरोबर होता. अश्व एकाही फोटोत नव्हता, तपकिरी फराटा होता. अशा वेळी दोष देता येईल असं कुणीच नसतं. कॅमेऱ्याने सांगितलेलं काम चोख केलं होतं. मी काम चुकीचं सांगितलं होतं. जिथे वेग हाच विषय आहे तिथे शटर आपल्या हाती ठेवायचं आणि बाकीचं कॅमेऱ्याने बघायचं, हे त्यानंतर कधी मोडलं नाही.

पुढच्या आषाढात १/२००० वर अश्व खिळवला. चारही पाय हवेत, पोटाखाली गोळा झालेले. फोटो पाहून एक वारकरी म्हणाले, "माउली, घोडा उडी मारतोय का?" त्यांचं बरोबर होतं, चित्रात आपण घोडा असा पाहिलेला नसतो. जुन्या चित्रकारांनी धावणारा घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणलेला रंगवला. १८७८ च्या जूनमध्ये एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे लेलंड स्टॅनफर्ड यांच्या सॅली गार्डनर नावाच्या घोडीचे ओळीने लावलेल्या बारा कॅमेऱ्यांनी फोटो घेतले आणि दाखवून दिलं की घोडा पूर्ण हवेत असतो खरा, पण तो पाय ताणलेले असताना नाही, पाय पोटाखाली आलेले असताना. डोळ्याला कधीच न दिसलेली गोष्ट शटरने दाखवली. रिंगणात मी जे टिपलं ते त्या अर्थाने खरं होतं. पण वाखरीच्या त्या माळावर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसतं, ते त्यात नव्हतं. त्याला वारा दिसतो, माती उडताना दिसते, अश्व येतो न् जातो. ते टिपायला १/३० वर कॅमेरा घोड्याबरोबर फिरवत न्यावा लागला. घोड्याचं डोकं आणि मान धरली गेली, पाय विरले, मागच्या पताका आडव्या भगव्या पट्ट्यांत गेल्या. बहुतेक फोटो वाया जातात यात, ते मान्य करूनच उभं राहायचं. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. मला दुसरा जवळचा वाटतो, आणि त्यात कुठल्याही ठिपक्यात पूर्ण तीक्ष्णता नाही.

होमाच्या रात्रीची चूक विकत घेतलेली होती. हात हलला तरी फोटो स्थिर येतो असं भिंग बाजारात आलं, ते कर्ज काढून घेतलं. दुकानात १/८ वर हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढला, काटे स्वच्छ. होमाच्या रात्री त्याच भरवशावर १/१५ वर रोषणाईने सजलेले नंदीध्वज काढले. रस्ता स्वच्छ, खांब स्वच्छ, दुकानांच्या पाट्या वाचता येतील अशा, आणि नंदीध्वज पेलणाऱ्या माणसाला चेहराच नाही. ते भिंग माझा हात सावरत होतं. पेलणाऱ्याचा तोल कोण सावरणार? तो तर स्वतः उंच काठी पेलत क्षणाक्षणाला पाऊल बदलत होता. इथे पाहिजे होतं मोठं छिद्र, जे मी त्या महागड्या भिंगासाठी मोडीत काढलं होतं. एफ १.८ चं ते साधं भिंग असतं तर १/१२५ मिळालं असतं. पेलणारे कित्येक आठवडे आधीपासून सराव करतात, मास्तर त्यांना पाऊल शिकवतात. त्यांच्या त्या मेहनतीचा एक धड फोटो मी त्या वर्षी देऊ शकलो नाही.

सगळ्यात जास्त सलते ती यंत्रमागाच्या कारखान्यातली चूक. शहराच्या पूर्व भागात आमच्या ओळखीचे एक पद्मशाली विणकर होते, मी त्यांना मामा म्हणायचो. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी, आणि चादरीवर हात ठेवला की ती कुठल्या मागावर निघाली हे सांगण्याइतका हातात अनुभव. वरती जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एक-एक पुठ्ठा पुढे सरकवत फिरते, खाली धोटा इकडून तिकडे झेपावतो, कांडीवरचं सूत सुटत जातं. धागा तुटला की माग थांबवायचा, ताण्यातून बोटाने दोन टोकं शोधायची आणि गाठ मारायची. मामांची गाठ डोळ्याला दिसायची नाही इतकी पटकन पडायची.

मी त्यांचे फोटो काढायला गेलो तो धोटा हवेत पकडायच्या ईर्ष्येने. धोटा सेकंदाला दहा मीटर जातो असं धरलं, तर १/१००० मध्ये तो एक सेंटिमीटर सरकतो, म्हणून १/१०००. आत अंधार, म्हणून अपर्चर एफ १.८ आणि आयएसओ जाईल तेवढा वर. ट्यूबलाइटचा विचार मनातही आला नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. जुन्या चोकवाल्या ट्यूब सेकंदाला शंभरदा उजळतात आणि मंदावतात. शटर १/१०० किंवा १/५० असेल तर एक किंवा दोन पुरी आवर्तनं आत येतात आणि उजेड सारखा पडतो. १/१००० मध्ये आवर्तनाचा दहावा तुकडा येतो. त्यात एवढ्या वेगावर शटर सगळी चौकट एकदम उघडत नाही, एक फट वरून खाली सरकत जाते, त्यामुळे चौकटीच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा उजेड मिळतो. एक फोटो पिवळट, दुसरा अंधारा, तिसऱ्यात मामांच्या कपाळावरून मळकट पट्टा. मला वाटलं कॅमेरा बिघडला. धोटा मात्र एका फोटोत पकडला गेला होता, आणि त्या आनंदात मी बाकीचं सोडून दिलं. सुरुवातीला चाचणीसाठी हळू शटरवर काढलेले फोटो हलले म्हणून तिथल्या तिथे पुसले. कार्डावर जागा हवी होती.

काही वर्षांनी मामा गेले. मुलगा फोटो मागायला आला. मी धोट्याचा फोटो काढून दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "माग बंद असताना काढलाव काय ओ दादा हे?"

काय उत्तर देणार? माग चालू होता, कानठळ्या बसतील एवढा आवाज होता. पण १/१००० ने तो बंद करून ठेवला होता. फणी थांबलेली, पुठ्ठे थांबलेले, धोटा कुणीतरी अडकवून ठेवल्यासारखा. ज्या घराने मंदीत माग बंद पडलेले पाहिले आहेत, भंगारात जाताना पाहिले आहेत, त्या घराला मी वडिलांची आठवण म्हणून बंद मागाचा फोटो दाखवत होतो. दुसरा चांगला फोटो होता तो चेहऱ्याचा, एफ १.८ वरचा. डावा डोळा आणि मिशीची टोकं तीक्ष्ण. कान धूसर, खांदा धूसर, आणि खाली हात म्हणजे नुसते दोन पिवळसर डाग. मुलगा म्हणाला, "बाबा दिसतात. हात न्हाई दिसत." शेवटी त्याने तोच नेला, कारण दुसरा देण्यासारखा माझ्याकडे नव्हता. आता तो त्यांच्या घरात हार घातलेला आहे. पुसलेल्या फोटोंमध्ये काय होतं ते मला आठवतं: चेहरा जरा हललेला, पण माग चालू असलेला दिसत होता आणि हातही होते. ते परत मिळवायचा मी प्रयत्न केला. त्या कार्डावर नंतर अनेकदा लग्नं उतरवली होती.

त्यानंतर मी त्या मुलाचेच फोटो काढायला पुन्हा तिथे गेलो, त्याच जागेवर. ह्या वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर, अपर्चर एफ ८, म्हणजे डोळ्यांपासून बोटांपर्यंत सगळं येईल. उजेडाशी जमवून शटर १/१५ वर उतरलं. माग जोरात चालू असताना तो सतत इकडेतिकडे वळतो, तेव्हा चेहरा हलतोच. पहिले कितीतरी फोटो तसेच गेले. बाजूला उभा राहून त्याचं काम नीट पाहत राहिलो. फोटो काढण्याच्या घाईत हे मी त्याच्या वडिलांच्या बाबतीत कधी केलं नव्हतं. धागा तुटला की तो आपला माग थांबवतो आणि ताण्यावर वाकतो. शेजारचे माग चालूच असतात, त्यांच्या फण्या आणि धोटे १/१५ मध्ये विरघळून जातात. दोन टोकं सापडून गाठ पडेपर्यंत त्याची बोटं हलतात, डोकं हलत नाही, श्वाससुद्धा धरलेला असतो. तेवढ्या वेळाला १/१५ पुरतो.